वीतभर सरकलेला गडगा

बाबली परबाने एस.टी.त चौतीस वर्षं तिकीट तपासनीस म्हणून काढली आणि तेवढ्या काळात त्याचं एक मत पक्कं झालं: माणसं दोन प्रकारची असतात, विनातिकीट सापडलेली आणि अजून न सापडलेली. निवृत्त होताना महामंडळाने त्याच्याकडून बिल्ला आणि पावतीपुस्तक परत घेतलं. मत परत घ्यायचं राहून गेलं.

त्यामुळे कार्तिकातल्या एका सकाळी सातवणे गावच्या तिठ्यावर पुण्याच्या नंबरची गाडी थांबली आणि तिच्यातून पाठीला पिशव्या अडकवलेली एक मुलगी आणि एक मुलगा उतरून त्याच्याकडे बघून हसले, तेव्हा बाबलीने आधी गाडीचा नंबर पाठ केला आणि मग, नाइलाज म्हणून, थोडंसं हसून घेतलं. आपल्याकडे अनोळखी माणूस कारणाशिवाय हसला की त्याला जमीन हवी असते, हे त्याला अनुभवाने ठाऊक होतं. पाच वर्षांपूर्वी एक गृहस्थ दुर्बीण घेऊन पक्षी बघायला आले होते. फार गोड माणूस. वर्षभरात समोरचा डोंगर त्यांच्या नावावर झाला. पक्षी अजून तिथेच आहेत, पण आता मध्ये फाटक आहे.

मुलीचं नाव तेजस्वी. आजोळ कुडाळचं, असं तिने कोणी विचारण्याआधीच सांगितलं आणि बाबलीला तेच खटकलं. ज्याचा पास खरा असतो तो मागितल्याशिवाय काढत नाही. मुलाचं नाव निलेश. त्याला आजोळ असावं असं त्याच्या चेहऱ्यावरून वाटत नव्हतं. तो उतरल्यापासून लॅपटॉप उघडायला जागा शोधत होता. दोघं म्हणे गेम बनवणाऱ्या कंपनीत कामाला होती, आणि कंपनीला कोकणातली एखादी गोष्ट हवी होती, जिचा गेम करता येईल.

गेम म्हणजे काय हे बाबलीला चांगलं माहीत होतं. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत माणसं मोबाइलमध्ये अशी बुडालेली असायची की तिकीट मागितलं तर वर न बघता हातात देऊन टाकायची. कोणी दचकत नव्हतं, कोणी खिसे चाचपत नव्हतं. एका धंद्याची सगळी मजा गेमने घालवली होती.

संध्याकाळी वाचनालयाच्या ओसरीवर बैठक भरली. गोष्ट सांगा म्हटल्यावर सातवण्यात घरी थांबणार कोण? रवळनाथाच्या देवळाचा गुरव गुरुदास पहिला बोलला. वेताळ गावाला फेरी मारतो, त्याच्या चपला झिजतात, नव्या द्याव्या लागतात, आणि झिजलेल्या आपण स्वतः हातात घेऊन बघितल्यात, असं त्याने सांगितलं. निलेशने मान न उचलता कळवलं की कंपनीकडे वेताळ तीन आहेत आणि त्यांतले दोन अजून खपलेले नाहीत. मग कोणी किल्ल्यातला खजिना काढला, कोणी चाचे काढले, कोणी विहिरीतली बाई. सगळं होऊन गेलेलं. विहिरीतल्या बाईचा तर तिसरा भागही आला होता.

बाबली खांबाला टेकून ऐकत होता, म्हणजे तपासत होता. मुलगी भलतेच प्रश्न विचारत होती. विहिरीपासून देवळापर्यंतची पाणंद किती रुंद? कोणाचं आवार कुठे संपतं? मध्ये कुंपण असतं की गडगा? गडगा म्हणजे आपली नुसते दगड रचून घातलेली भिंत, माती नाही, चुना नाही. आता विहिरीतल्या बाईला गडगा कशाला लागतो?

तेव्हा त्याने सापळा लावायचं ठरवलं. अशा गोष्टी सांगायच्या की ज्यांचा गेम ब्रह्मदेवाच्या बापाला जमणार नाही. खरी गेमवाली असतील तर कंटाळून वही मिटतील. तरीही लिहून घेत राहिली, तर गोष्ट हे निमित्त आणि जमीन हे कारण.

घसा खाकरून तो एस.टी.च्या मराठीत, म्हणजे शुद्ध मराठीत, सुरू झाला. पहिली गोष्ट सातबाऱ्याची. मेलेल्या आत्याचं नाव कमी करायचं आहे. वारस एक्केचाळीस. खेळणाऱ्याने सगळ्यांच्या सह्या गोळा करायच्या. एक बोरिवलीला, एक मस्कतला, आणि एक त्याच घरात, पण तो चौऱ्याण्णव सालापासून बोलत नाही. चाळीस सह्या होतात. एक्केचाळिसावी घ्यायला जावं तर पहिला सही करणारा वारलेला असतो, त्याची चार मुलं लागतात, आणि वारस होतात चव्वेचाळीस. निलेशने विचारलं, हा संपतो कुठे? बाबली म्हणाला, कल्पना नाही, माझ्या वडिलांनी सुरू केलेला आहे.

तेजस्वीने हे लिहून घेतलं. बाबलीने मनात एक खूण केली.

दुसरी गोष्ट बस थांब्याची. खेळणारा दहा वाजता थांब्यावर येतो. दहा-वीसची गाडी आहे. गाडी येते का? येते, पण ती मसुऱ्याची असते. तिसरी दुखवट्याची. माणूस गेलेल्या घरी जायचं आणि बसायचं. लवकर उठलं तर म्हणतात, तोंड दाखवून गेला. उशिरा उठलं तर म्हणतात, जेवणाच्या आशेने बसला. बरोबर वेळ कुठली, ती कोणी सांगत नाही. चहा विचारला तर नको म्हणायचं आणि दुसऱ्यांदा विचारला तर ज्याने घेतला तो हरला. ओसरीवरच्या दोघा-तिघांनी गंभीरपणे माना हलवल्या, कारण गेल्याच आठवड्यात ते हरले होते.

तेजस्वी लिहीतच होती. बाबलीच्या डोळ्यांसमोर फाटक लागलेला डोंगर उभा राहिला. ही मुलगी गेमवाली नाही, याबद्दल त्याला आता शंका उरली नव्हती, आणि शंका उरली नाही की त्याला फार बरं वाटायचं. त्या भरात त्याने सगळ्यात रद्दी गोष्ट बाहेर काढली. दर चार वर्षांनी मार्गशीर्षात आमचा अख्खा गाव बाहेर पडतो. गुरं, कोंबड्या, कुत्री, म्हातारी माणसं सगळी घेऊन शिवेपलीकडे नारळीच्या झापांच्या खोपटीत तीन दिवस राहतो. आम्ही त्याला गावपळण म्हणतो. खेळणाऱ्याने काय करायचं? व्हाळाच्या, म्हणजे शिवेवरच्या ओढ्याच्या, अलीकडे बसून पलीकडच्या आपल्या घराकडे बघायचं. आत गेला तर हरला. तीन दिवस काही घडत नाही. चौथ्या दिवशी घरी यायचं.

तेजस्वीचं पेन थांबलं. खरी गेमवाली असती तर ह्या वेळी वही मिटायला हवी होती. तिने वही मिटली नाही, नुसती मांडीवर ठेवली आणि विचारलं, “त्या तीन दिवसांत गावात कोण असतं?”

गुरुदासने सांगितलं की देव असतो, त्याचा परिवार असतो, आणखी कोणकोण असतात.

“कोणी बघितलंय?”

“कोणी बघायचं नसतं.”

तिने निलेशकडे बघितलं आणि निलेशने, त्या दिवसात पहिल्यांदाच, लॅपटॉप मिटला. रिकामं गाव, ती म्हणाली. हाच आपला गेम. पुढच्या पाळीला किती वर्षं आहेत, असं तिने विचारलं आणि चार माणसं एकदम म्हणाली की वर्षं कसली, तीन आठवडे. मग तिने विचारलं की गाव बाहेर असताना चार ठिकाणी कॅमेरे लावून ठेवले तर चालेल का? माणूस नाही, नुसते डबे.

बाबलीने खांबाची टेक सोडली. त्याचं कारण, त्याच्या मते, गावात कोणाला माहीत नव्हतं. त्याची बायको शेवंती, जिला त्याच्या बनियनच्या भोकांचाही हिशेब ठाऊक होता, तिलासुद्धा नव्हतं.

ते असं. बाबलीच्या काजूच्या बागेला लागून बाप्तिस्त आणि बर्था यांचं आवार आहे, आणि मध्ये गडगा. बाबलीचे वडील जाताना सांगून गेले होते की बाप्तिस्तच्या बापाने गडगा घालताना आपली एक वीत जमीन खाल्ली. पुरावा काही नाही, वडिलांना तसं वाटायचं. बारा वर्षांपूर्वीच्या गावपळणीत, दुसऱ्या दिवशी भर दुपारी, सगळा तळ जेवून आडवा झालेला असताना बाबली सुपारीच्या बागेतून व्हाळ ओलांडून गावात शिरला. घाम गाळत त्याने कोपऱ्यातला पंधरा हातांचा गडगा दगड दगड उचलून एक वीत पलीकडे सरकवला आणि कोणाला पत्ता लागायच्या आत तळावर येऊन घोरू लागला. चौथ्या दिवशी गाव परतला. बाबलीने बघितलं, गडगा होता तिथेच होता. एक वीत मागे. दगडांवर शेवाळसुद्धा आपल्या जागी.

तो बराच वेळ तिथे उभा राहिला. मग घरात जाऊन अंघोळ केली आणि देवळात जाऊन आला.

तपासणी एकदाच करून भागत नसते. चार वर्षांनी पुढच्या गावपळणीत त्याने पुन्हा सरकवला. पुन्हा मागे. चार वर्षांपूर्वी तिसऱ्यांदा. तेव्हा त्याला जमीन नकोच होती. आपण एक वीत पुढे करायची आणि देवाने ती मागे करायची, एवढंच उरलं होतं. कोणी दर वर्षी देवाला नारळ देतं, कोणी कोंबडा देतं. बाबली चार वर्षांनी गडगा द्यायचा, आणि पोच मिळायची. साऱ्या जगात विनातिकीट नसलेला असा एकच त्याला सापडला होता. गावपळणीत कोणी आत जाऊ नये यावर गावात सगळ्यांत कडक बोलणारा माणूस तोच होता, आणि ते तो मनापासून बोलायचा.

आता तिथे डबे बसणार होते.

त्याला एक आशा होती, ती कौलाची. देवाला विचारल्याशिवाय डबे लावायचे नाहीत असं ठरलं होतं. देवाच्या पाषाणाला दोन बाजूंना तांदळाचे दाणे चिकटवायचे, उजवा आधी पडला तर होकार, डावा पडला तर नकार. गुरुदासने गाऱ्हाणं घातलं, “बा देवा रवळनाथा, ही पुण्याची पोरां तुज्या गावात चार डबे लावूक म्हणतत. त्येंच्या मनात काय वाकडा-नाकडा आसात तर ता तुजा तू बघून घे.” गाव म्हणाला, “व्हय म्हाराजा.” बाबली सगळ्यांत मोठ्याने म्हणाला. आणि दोनच मिनिटांत उजवा दाणा टपकन पडला. बाबलीला वाटलं, गुरुदासने त्या बाजूला पाणी जास्त लावलं असणार. गेममध्ये गुरवाचंही चित्र असेल असं मुलगी परवा त्याला सांगत होती.

चार डबे लागले. देवळासमोर, विहिरीवर, शाळेत आणि तिठ्यावर. ते कुठे आहेत हे गावात पोराबाळांना माहीत होतं. पाचवा मात्र गावाला माहीत नव्हता. गाव बाहेर पडण्याच्या सकाळी तेजस्वी बाबलीच्या पडवीत येऊन म्हणाली की काका, तुमचा तो गडगा मला फार आवडलाय, एक कॅमेरा जास्तीचा आहे, तुमच्या त्या कोकमाच्या, रतांब्याच्या झाडावर लावू? नाही म्हटलं असतं तर तिने “का?” असं विचारलं असतं. बाबलीने आयुष्यभर “का” विचारलं होतं. त्याचं उत्तर देताना माणसं कशी दिसतात हे त्याला माहीत होतं. तो म्हणाला, लाव. डबा जेवणाच्या डब्याएवढा होता, त्याला खाकी फडकं गुंडाळलेलं. पानांत गेल्यावर दिसेनासा झाला.

ती गावपळण बाबलीने जशी काढली तशी कोणी काढू नये. तळावर बाकीच्यांची मजा चालली होती. बायका एका ओळीत चुली मांडून बसल्या होत्या, पुरुष पत्ते कुटत होते, मुंबईहून खास सुट्टी काढून आलेली माणसं झापांच्या खोपटीला पंचतारांकित म्हणत होती. बाबली व्हाळाकडे तोंड करून बसला होता. दुसऱ्या दिवशीची दुपार झाली. तळ आडवा झाला. त्याचे पाय आपोआप चपलांत गेले. त्याला रतांबा आठवला आणि त्याने पाय काढून घेतले. शेवंतीने विचारलं, काय झाला? तो म्हणाला, काय नाय, चप्पल चावता.

मन रमवायला तो इतरांना तपासू लागला. शेजारच्या खोपटीत बाप्तिस्त आणि बर्था होती. हिंदू, किरिस्ताव, सगळा गाव बाहेर पडतो, त्यात काही नवीन नाही. पण बाप्तिस्त सारखा आपल्याकडे बघतोय असं बाबलीला वाटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तर तो चपलांत घातलेल्या आणि काढलेल्या पायांकडेही बघत असावा. मात्र मध्येच बाप्तिस्तला डुलकी लागली. तिसऱ्या दिवशी दुपारी बाप्तिस्त आणि बर्था दोन तास दिसली नाहीत. परत आली तेव्हा बाप्तिस्तचे गुडघे तांबडे, आणि तो कंबरेला हात लावून चालत होता. बाबलीने लगेच ओळखलं. व्हाळात कुर्ल्या, म्हणजे खेकडे, पकडून दोघांनीच भाजून खाल्ल्या. जन्मभराचा शेजार, पण एक नांगी विचारली नाही.

चौथ्या दिवशी कौल झाला, ढोल वाजले, गाव घरी परतला. बाबली घरात न शिरता थेट गडग्याकडे गेला.

गडगा सरकला होता. एक वीत. बाबलीच्या बाजूला.

तो खाली बसला. आपण गेलो नाही, आणि देवाने मात्र आपलं काम केलं होतं. चार वर्षं वाट बघून कोणी येत नाही म्हटल्यावर त्याने काय समजायचं? बाबलीला भीती वाटली, लाज वाटली आणि आतून कुठेतरी, कोणाला सांगण्यासारखं नाही, पण थोडं बरंही वाटलं. आपली गैरहजेरी मांडली गेली होती.

हे बरं वाटणं दोन दिवस टिकलं. तिसऱ्या दिवशी तेजस्वी लॅपटॉप घेऊन पडवीत आली. निलेश शाळेच्या ओट्यावर डोकं धरून बसलाय असं ती म्हणाली. चार कॅमेऱ्यांत मिळून एक खार, दोन माकडं आणि भरपूर पानं सापडली होती. पुण्याच्या साहेबांनी फोनवर एकच विचारलं होतं की यात शत्रू कोण आहे, आणि तिला सांगता आलं नव्हतं. मग तिने आत नारळ खवणाऱ्या शेवंतीकडे एक नजर टाकली आणि आवाज खाली आणला.

“काका, पाचवा मी कोणालाच दाखवलेला नाही. निलेशलाही नाही. तुम्ही आधी बघा.”

पडद्यावर गावपळणीचा तिसरा दिवस, दुपारचं ऊन. रतांब्याची पानं थोडी आडवी येत होती. बर्था हातात सूप घेऊन आली आणि कोंबड्यांच्या खुराड्याकडे गेली. बाप्तिस्त गडग्याजवळ आला. त्याने मान तिरकी करून गडग्याकडे बघितलं, वाकून जमिनीला हात लावला, वीत मोजली, कपाळावर क्रूस काढला आणि पहिला दगड उचलला. बर्थाही येऊन लागली. दगड उचलायचे, वीतभर अलीकडे ठेवायचे, शेवाळाची बाजू होती तशी फिरवायची, खाली पडलेला पाचोळा परत पसरायचा. इतकं निगुतीचं काम बाबलीने स्वतः कधी केलं नव्हतं. तो बघत राहिला. सगळं मिळून एक तास चाळीस मिनिटं.

“हे तुमची जमीन खातायत,” तेजस्वी म्हणाली. “आणि गावपळणीत आत आलेत. मी हे गुरुदासकाकांना, गावाला दाखवू का? तुम्ही म्हणाल तसं.”

चौतीस वर्षांत बाबलीच्या हातात असा पुरावा आला नव्हता. माणूस, दिवस, वेळ, हातातला दगड. हे गावासमोर लावलं असतं तर बाप्तिस्त पुढची चार गाऱ्हाणी मान खाली घालून उभा राहिला असता आणि बर्थाला बाजारात कोणी मासळी नीट तोलून दिली नसती. आणि सबंध गावात फक्त एका माणसाला माहीत होतं की पडद्यावरच्या त्या माणसाकडे तिकीट आहे. त्याला मुलीने आणखी काही विचारण्याची वाट बघायची नव्हती. शुद्ध मराठी त्याला तेवढ्यापुरती सापडेना.

“खाणा नाय तो, चेडवा,” बाबली म्हणाला. “परत करता. दर खेपेक मी गडगा वीतभर पलीकडे सरकवतंय, तो परत होतो थंय आणून ठेवता, आणि ह्या खेपेक चुकलो, कारण मी गेलंयच नाय.”

मग त्याने सगळं सांगितलं, बारा वर्षांचं. आतली खवणी कधी थांबली ते त्याच्या लक्षात आलं नाही. तेजस्वीने यातलं एक अक्षर लिहून घेतलं नाही. शेवटी तिने विचारलं की म्हणजे तुम्ही सरकवायचा, त्यांनी मागे घ्यायचा, आणि बारा वर्षांत गडगा कुठे गेला? बाबली म्हणाला, खंय नाय. ती म्हणाली की साहेबांना हे सांगितलं तर ते मला तुमच्या दहा-वीसच्या गाडीची वाट बघायला कायमची बसवतील. तिने त्याच्यासमोर ती चित्रफीत पुसली. दुसरीकडे कुठे ठेवली नाहीयेस ना, असं बाबलीने दोनदा विचारलं. गाडीचा नंबर त्याला अजून पाठ होता.

ती गेल्यावर शेवंती बाहेर आली. त्याचा जुना पंचा त्याच्या खांद्यावर टाकला आणि म्हणाली, “आता जातल्यात तर नीट जावा. मागल्या खेपेक त्या तांबड्या मातीचे डाग धुताना माजो जीव गेलो.”

बाबली गडग्याकडे गेला. सकाळचे अकरा वाजले होते, पाणंदीतून बायका पाणी घेऊन जात होत्या, लांब कोणाचा तरी ट्रॅक्टर सुरू होता. त्याने पहिला दगड उचलून वीतभर पलीकडे ठेवला. मग दुसरा. तिसऱ्याला बाप्तिस्त आपल्या दारात आला. तो तिथेच उभा राहिला. चोरून करायचं काम शेजारी भर उजेडात करतोय, याचा अर्थ काय असावा, हे त्याच्या चेहऱ्यावर एकेक करून येऊन गेलं.

“आता दिवसाउजेडी?” बाप्तिस्त म्हणाला. “सगळो गाव घरात असताना?”

“बाप्तिस्त, ह्या खेपेक मी इलंयच नव्हतंय.”

बाप्तिस्त गडग्याजवळ आला. वाकून बघितलं, आता तो कुठे होता आणि कुठे असायला हवा होता.

“नाय?”

“नाय.”

“माती हललेली दिसली नाय माका,” बाप्तिस्त सावकाश म्हणाला. “माका वाटला, बाबली सुदारलो. काम बरा करूक लागलो.” त्याने कंबरेला हात लावला. “येवचा नव्हता तर सांगूचा तरी रे. माजी कंबर फुकट गेली.”

बाप्तिस्तने बाही वर केली आणि दुसऱ्या टोकाने सुरुवात केली. पहिल्यांदा कसं कळलं, असं बाबलीने न बघता विचारलं. बाप्तिस्तने सांगितलं की बर्थाची एक कोंबडी अंड्यांवर बसली होती, तिला उठवून तळावर नेता येईना, म्हणून तिला दाणे घालायला आलो होतो, तेव्हा गडगा दिसला. आठ वर्षं झाली. ती कोंबडीही आता नाही. तेव्हापासून दर खेपेला तिसऱ्या दिवशी येतो, बर्था म्हणाली होती, भांडण नको, गुपचूप मागे घे.

बाबलीच्या हातातला दगड हातातच राहिला. आठ वर्षं. त्याने बोटं मोजायला दगड खाली ठेवला.

“आणि त्येच्या आदली खेप? बारा वर्सां आदी?”

“बारा वर्सां आदी आमी गोंयांत होतंव,” बाप्तिस्त म्हणाला. “बर्थाच्या भयणीचा लगीन. आठ दिसांनी परत इलंव. कित्याक?”

बाबलीने त्याच्याकडे बघितलं. बाप्तिस्त एक जड दगड पोटाशी धरून उभा होता, घामाघूम, डोळे मिचकावत. खोटं बोलणारा माणूस दोन्ही हातांत ओझं असताना सहसा बोलत नाही. पण काही जण तेवढ्यासाठीच ओझं उचलतात. बर्था दारात सुपात तांदूळ निवडत बसली होती आणि इकडे बघत नव्हती. तिच्या मागे, आतल्या भिंतीवर, लग्नांचे फोटो होते. त्यांत बहिणीच्या लग्नाचा असणार, आणि किरिस्तावांच्या फोटोवर खाली तारीख लिहिलेली असते. बघायला मागितला तर दोन पावलांचं काम होतं.

“खंय ठेवू ह्यो?” बाप्तिस्तने विचारलं.

बाबलीने वीत मोजून जागा दाखवली.